परदेशी निघण्याआधी छंदाचं सामान विकायचंय : काय आधी, काय शेवटी, आणि कसं?

रानजाई

मंडळी, अकरा आठवड्यांनी नोकरीसाठी म्युनिकला निघायचं आहे, निदान चार वर्षांसाठी. घर भाड्याचं (कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट आहे), त्यामुळे मागे काही ठेवता येणार नाही. विमानात २३ किलोच्या दोन बॅगा. छंदाचं सामान हे :

– नायकॉन डी७५००, सोबत १८-१४०, ७०-३०० आणि ५० एमएम १.८ अशा तीन लेन्स
– माशांची तीन फुटी प्लांटेड (पाणवनस्पतींची) टाकी (९० × ४५ × ४५ सेंमी, ८ मिमी काच), कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्याचा) फिल्टर, वनस्पतींसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर, मासे
– गिअरची हायब्रिड सायकल
– हार्मोनियम, तबला-डग्गा
– रेकॉर्ड प्लेअर, १४० एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या), साठेक ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या) तबकड्या
– ट्रेकिंगचं : ४० मीटर दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट, कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), तंबू, स्लीपिंग बॅग, बूट, गॅसची छोटी नळकांडी
– ३५० सीसी बाइक, २०१७ ची, एमएच १२, कर्ज फिटलेलं

काय नेऊ, काय विकू, कुठल्या क्रमाने? भाव थोडा कमी आला तरी चालेल, पण ज्याच्या हाती जाईल त्याला ती वस्तू नीट वापरता आली पाहिजे.

तराजू

रानजाई ताई, आधी न्यायचं काय ते ठरवा, विकायचं मग आपोआप ठरतं. तीन चाळण्या लावा.

पहिली विजेची. जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे, फक्त पिना वेगळ्या. त्यामुळे विजेपायी काहीच अडत नाही. अमेरिकेला निघालेल्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ज्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलंय तो कुठेही चालतो, पण एसी सिंक्रोनस मोटरचा रेकॉर्ड प्लेअर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तर ३३⅓ ची तबकडी मिनिटाला ४० फेरे घेते. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, आणि ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो.

दुसरी चाळणी जकातीची. युरोपीय संघात राहायला जाताना घरचं वापरातलं सामान जकातीशिवाय नेता येतं, पण अटी आहेत : त्याआधी सलग १२ महिने तुम्ही संघाबाहेर राहिलेल्या हव्यात, वस्तू निदान ६ महिने तुमच्या वापरातली हवी, तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत ती पोचायला हवी, आणि पुढचे १२ महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. म्हणून निघायच्या तोंडावर नवी लेन्स घेऊन खोक्यासकट नेणं टाळा. जुन्या सामानाची बिलं स्कॅन करून ठेवा. कॅमेरा नेणार असाल आणि मधे सुट्टीला तो घेऊन येणार असाल, तर परत आणताना जकातीचा प्रश्न येऊ नये म्हणून जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. वस्तू आणि सीरियल नंबर दाखवावा लागतो, म्हणून तो कॅमेरा चेक-इन बॅगेत टाकून मोकळ्या होऊ नका, आणि वेळ हाताशी ठेवा.

तिसरी वजनाची. १४० एलपी कव्हरांसकट धरल्या तर ३० ते ३५ किलो. म्हणजे तबकड्यांतच दीड बॅग गेली.

माझं मत : कॅमेऱ्याची बॉडी आणि एक लेन्स न्या, तबला न्यायचा असेल तर न्या, बाकी विका. विक्रीला काढायचा क्रम मात्र किमतीवरून लावू नका. गिऱ्हाईक किती दुर्मीळ आहे आणि कागद किती आहेत, त्यावरून लावा. बाइक आज, कारण कागदांना वेळ लागतो. वाद्यं आणि तबकड्याही आज, कारण त्यांचा जाणकार गिऱ्हाईक महिन्यातून एखादाच फिरकतो. सायकल आणि उरलेल्या लेन्स चार दिवसांत जातात.

भिंगवाला

कॅमेऱ्याबद्दल. जाहिरात टाकायच्या आधी तीन तपासण्या घरीच करा आणि निकाल जाहिरातीत लिहा.

शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) : कॅमेऱ्यातून थेट आलेली, एडिट न केलेली जेपेग घ्या. नायकॉन हा आकडा फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत) लिहितो, एक्झिफ पूर्ण दाखवणाऱ्या साधनात दिसतो. डी७५०० चं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं आहे, त्यामुळे ३०-४० हजारांवर असलेली बॉडी बेधडक चांगली म्हणून विका. आकडा लपवला की गिऱ्हाईक तो जास्तच धरतो.

सेन्सरवरची धूळ : ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवलेला, पांढऱ्या कागदाचा किंवा कोऱ्या आभाळाचा फोटो. करडे ठिपके दिसले तर ती धूळ. ब्लोअरने गेली नाही तर ओल्या स्वॅबने स्वतः प्रयोग करू नका, जाणकाराकडून करून घ्या.

बुरशी : यावरच सगळे सौदे मोडतात. लेन्स काढा, दोन्ही टोप्या काढा. तुमच्या ५० एमएमला मागच्या बाजूला धातूची एक बारीक पट्टी असते, ती नखाने हलकेच सरकवून धरली की आतली पाती पूर्ण उघडतात. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च समोरून नाही, तिरका पाडा आणि दुसऱ्या बाजूने आरपार बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते. बुरशी कोळिष्टकासारखी, कडेकडून मधे सरकणाऱ्या बारीक फांद्यांसारखी. काचेवर सगळीकडे पातळ धुकं दिसलं तर तो हेझ, म्हणजे आतल्या तेलाची वाफ बसलेली.

रिकामी कॅमेरा बॅग गिऱ्हाइकाला फुकट द्या, पण तिच्यात लेन्स ठेवू नका असं सांगा. पावसाळ्यात बंद कापडी बॅगेसारखी बुरशीला सोयीची जागा नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणारी ड्राय कॅबिनेट, नाहीतर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक.

रानजाई

भिंगवाला, आत्ताच बघितलं. ५० एमएमच्या पुढच्या काचेच्या आत, कडेला, दोन बारीक धागे आहेत. साफ करून घेऊन विकू की तशीच?

भिंगवाला

तशीच विका, धाग्याचा फोटो जाहिरातीत टाकून. ५० एमएम १.८ ही स्वस्त लेन्स आहे, उघडून साफ करायचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने जड जातो. शिवाय उघडलेल्या लेन्सचा फोकस नीट बसला नाही तर नवा दोष तुमच्या नावावर. कडेचे दोन धागे फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेपेक्षा मागच्या काचेवरचा दोष फोटोत लवकर उमटतो, आणि तुमचा पुढे आहे. पण बुरशी ॲसिड सोडते आणि काचेवरचा थर खाते, म्हणून घेणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे आणि भाव त्याप्रमाणे पाहिजे. ती लेन्स आजच बाकीच्या दोघींपासून वेगळी ठेवा.

देण्याआधी मेनूतून पूर्ण रिसेट करा. कॉपीराइटच्या रकान्यात तुमचं नाव असतं, तेही पुसा. मेमरी कार्ड देऊच नका, फॉर्मॅट केलेल्या कार्डातून जुने फोटो परत काढता येतात.

जलमित्र

टाकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात जीव आहेत आणि बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात.

तुमच्या टाकीत साधारण १८० लिटर पाणी बसतं, म्हणजे १८० किलो. रिकामी काचच ३२-३३ किलो भरते. तळाला ५ सेंमी वाळू-माती असेल तर ती २० लिटर, ओली ३० किलोच्या घरात. "थोडं पाणी आणि वाळू राहू दे, दोघं मिळून उचलू" असं म्हणून टाकी उचलली की वजन तळाच्या काचेच्या मध्यावर येतं, काच किंचित वाकते आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो. त्या क्षणी काही दिसत नाही. नव्या घरी रात्री दोनला पाणी जमिनीवर येतं. त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी करूनच हलवायची, वाळू बादल्यांमधून वेगळी.

क्रम असा. आधी माशांचं घर शोधा, टाकीचं नंतर. मासे अशा माणसाला द्या ज्याची टाकी आधीपासून चालू आहे. टाकीसकट मासे नवख्याला दिले तर त्याला एकाच दिवशी टाकी हलवायची, लावायची आणि मासे जगवायचे असं तिहेरी काम पडतं.

फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा माशांबरोबर गेल्या पाहिजेत. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते या स्पंजावर बसलेले असतात. ते नळाच्या पाण्याने धुवू नका, क्लोरीनने मरतात. टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकण उघडं ठेवून न्या. बंद कॅनिस्टरमध्ये तसेच ठेवले तर काही तासांत ऑक्सिजन संपतो, आत सडायला लागतं आणि तेच पाणी नव्या टाकीत जातं.

नेण्याच्या आधी २४ तास माशांना खायला घालू नका, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पिशवी दुहेरी. कोरीडोरससारख्या काटेरी माशांना तिसरी पिशवी किंवा झाकणाचा डबा, त्यांचे काटे प्लास्टिक फाडतात. मोठी एंजल एका पिशवीत एकच. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात अंधारात. पोचल्यावर १५-२० मिनिटं पिशवी तरंगत ठेवायची, मग नव्या टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळायचं, आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकायचे, पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

पाणी उपसायच्या आधी हीटरची पिन काढून २० मिनिटं थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो.

वनस्पतींत लाकडाला बांधलेली अनुबियास आणि जावा फर्न कुठेही जगतात. क्रिप्टोकोरिन हलवली की आठवड्यात पानं विरघळल्यासारखी होतात. घेणाऱ्याला सांगा, फेकू नकोस, मुळं जिवंत असतात आणि काही आठवड्यांत नवी पानं येतात.

गिऱ्हाईक मिळालं नाही तर मासे दुकानदाराला फुकट द्या. मुळा-मुठेत, तळ्यात किंवा विहिरीत सोडणं कुठल्याही परिस्थितीत नको. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच घरच्या टाक्यांमधून आपल्या नद्यांत गेला आणि आता मासेमारांची जाळी फाडतोय.

चक्रधर

सायकलचं थोडक्यात. घेणारा पहिला प्रश्न साइझचा विचारणार, तो फ्रेमवर लिहिलेला असतो, जाहिरातीच्या पहिल्या ओळीत टाका, आणि बसणाऱ्याची अंदाजे उंची. त्याने निम्मे फालतू फोन वाचतात.

चेन मोजा. गेज नसेल तर स्टीलची पट्टी पुरते : ताणलेल्या चेनच्या एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंचांवर यायला हव्यात. १२ इंच आणि वर एक सोळांश भरले तर चेन अर्धा टक्का ताणली. ११ स्पीडला (मागे ११ चक्रं असतील तर) तेव्हाच बदलायची, १० किंवा कमी स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. त्याच्या पुढे चालवली असेल तर मागचा कॅसेटही (दातेरी चक्रांचा संच) झिजलेला असतो आणि नव्या चेनला तो जुळत नाही, पेडलवर जोर दिला की चेन उडते. असं असेल तर दोन्ही न बदलता "चेन आणि कॅसेट बदलावे लागतील" लिहा आणि तेवढे पैसे कमी करा. विकायच्या सायकलीत नवे पार्ट घातले तर ते पैसे पूर्ण परत येत नाहीत.

सीरियल नंबर पेडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो, सायकल उलटी करून फोटो काढा. बिल आणि हा फोटो दिलात तर घेणाऱ्याची चोरीच्या मालाची भीती जाते. हँडलवर जीपीएस कॉम्प्युटर असेल तर जुन्या राइड पुसून द्या, प्रत्येक नकाशा तुमच्या घराच्या दाराशी सुरू होतो.

चक्कर मारून बघू म्हणणाऱ्याचं ओळखपत्र हातात ठेवा, किंवा त्याची गाडीची किल्ली.

खर्जनर

पेटी आणि तबला. दोन्हींचं गिऱ्हाईक कान घेऊन येतं, फोटो बघून कोणी घेत नाही. म्हणून जाहिरातीसोबत दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवा : प्रत्येक पट्टी खालून वर एकेक, मग सगळे स्टॉप एकेक उघडून, शेवटी एक साधा अलंकार. इफेक्ट, इको काही नको.

जाहिरातीत हे लिहा : सप्तकं किती आणि पट्ट्या किती (३९ की ४२), सूर किती लायनींचे (खर्ज-नर, नर-नर की खर्ज-नर-मादी; खर्ज म्हणजे खालचे, नर मधले, मादी वरचे), सूर कुठले (गुजरातेतल्या पालिताण्याचे असतील तर नक्की लिहा), कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातला सूरही वाजवणारा) आहे का, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलायची सोय) आहे का. फक्त "उत्तम पेटी" लिहिलं तर शिकाऊ मुलांचे पालक येतील आणि ज्याला खरी कदर आहे तो येणार नाही.

भात्याची हवा तपासा. सगळे स्टॉप बंद करा, भाता पूर्ण भरा आणि हात काढा. भाता सावकाश बसला तर पेटी चांगली. लगेच बसला तर भात्याच्या घडीचं कातडं किंवा कागद फाटलाय, आणि ते वाद्य बनवणारा कारागीर एका बैठकीत बसवून देतो. पण हवा थांबली आणि स्टॉप उघडल्यावर पट्टी न दाबताच सूर कुजबुजला, तर पट्टीखालचं कातडं झुरळांनी किंवा कसरीने खाल्लंय. हे काम मोठं असतं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, त्यात तेल सोडू नका, कोरड्या खोलीत दोन आठवडे ठेवली की बहुतेक सुटतात. ट्यूनरच्या ॲपवर मधल्या सप्तकातले सूर 'ए' म्हणजे ४४० हर्ट्झ धरून तपासून टाका.

तबल्याचं : तोंडाचा व्यास इंचांत आणि कुठल्या पट्टीत लागतो ते. सव्वापाच ते साडेपाच इंची तोंड साधारण काळी एकला लागतं. गायकाच्या साथीचा तबला घेणारा हेच बघतो. शाईला (मधल्या काळ्या गोलाला) चीर आहे का, कडेची किनार सुटलीय का, वादी (ताणायची चामड्याची पट्टी) पुरती आहे का, गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सगळे आहेत का. शाई सुटली असेल तर पुडी (तोंडावरचं अख्खं कातडं) बदलावी लागते, आणि नवी पुडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यावी हे बरं. त्याचे पैसे किमतीतून वजा करा.

ताई, तुम्ही शिकता असं धरून सांगतो : जोडी विकू नका. तिकडे डागडुजीला कारागीर मिळायची वानवा, म्हणून एक जादा पुडी आणि वादी घेऊन न्या. पेटी विका, ती वजनाने आणि आकाराने परवडत नाही. आणि इतरांसाठी : मिरजेचा जुना तानपुरा, सतार नेणार किंवा विकणार असाल तर घोडी कशाची आहे ते बघा. पूर्वी सांबरशिंगाच्या घोड्या करत. शिंगाचा व्यवहार वन्यजीव कायद्यात बसत नाही, ती बदलूनच पुढचं बोला.

तबकडी

तबकड्यांचं : एलपी आणि ७८ एकत्र विकायला काढू नका, दोन्हींची मंडळी वेगळी. ७८ ची तबकडी लाखेची, पडली की फुटते, आणि तिचा चर एलपीपेक्षा कितीतरी रुंद असतो. एलपीची सुई त्यात तळाशी घसरते, म्हणून ७८ ला तीन मिलची वेगळी सुई लागते (एलपीची ०.७ मिल; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). घेणाऱ्याच्या यंत्राला ती नसेल तर त्याला आधी सांगा.

साफसफाई करताना : ७८ वर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी साफ करायचं तयार द्रावण यांवर चालेल असं समजू नका, बाटलीवर वाचा. थेंबभर सौम्य साबण टाकलेलं शुद्ध पाणी, मऊ कापड, चराच्या दिशेने गोल, मधलं लेबल कोरडं.

प्रत्येक तबकडीचं लेबल आणि सुईच्या शेवटच्या चराजवळ कोरलेला नंबर, दोन्हींचा फोटो. संग्राहक त्या नंबरावरून ओळखतो. दर्जा दाखवायला दिव्याखाली तिरका फोटो, ओरखडे तसेच दिसतात. नखाला लागतो तो ओरखडा वाजतो, नुसता डोळ्याला दिसतो तो बहुधा वाजत नाही. हे दोन वेगळे लिहा.

खोकी २५-३० तबकड्यांची, त्याहून मोठी नको, तळ फाटतो. उभ्या, घट्ट, पण दाबून नाही. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. प्लेअर देताना तबकडीची जड थाळी, बेल्ट आणि सुईच्या दांडीमागचं वजन काढून वेगळं गुंडाळा, दांडी बांधा. सुई किती तास वाजली माहीत नसेल तर "सुई बदलावी" असंच लिहा.

सह्यकडा

ट्रेकिंगच्या सामानात एक रेघ ओढून घ्या. तंबू, सॅक, स्लीपिंग बॅग, कॅरॅबिनर विकता येतात. दोर, हार्नेस, स्लिंग, हेल्मेट विकू नका.

दोर बाहेरून नवाकोरा दिसला तरी आतला गाभा दिसत नाही. उत्पादक न वापरलेल्या दोरालाही साधारण दहा वर्षांची मर्यादा घालतात, वापरलेल्याला त्याहून फार कमी. घेणाऱ्याला तो कितीदा घासला, बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवला होता का, उन्हात किती राहिला हे कळायचा मार्ग नाही. तुमच्या विश्वासावर तो कोकणकड्यावर उतरणार. तुमचा गिर्यारोहण गट ओळखीचा असेल, दोराची नोंदवही असेल आणि ईएन ८९२ (डायनॅमिक, ताणणारा) की ईएन १८९१ (स्टॅटिक, फारसा न ताणणारा) ते लेबल शाबूत असेल, तर गटाला द्या आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. नाहीतर दोन-दोन मीटरचे तुकडे करा. अख्खा दोर फेकला की कोणीतरी उचलून वापरतो. तुकडे गाठी शिकवायला उत्तम.

कॅरॅबिनर : गेट सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटलं पाहिजे, दोर घासून पडलेली चर नखाला जाणवत नसली पाहिजे. उंचावरून खडकावर पडलेला असेल तर तोही बाद.

बूट दोन-तीन वर्षं कपाटात पडून असतील तर वाकवून बघा. पॉलीयुरेथेनचा सोल दमट हवेत आतून भुसभुशीत होतो आणि ट्रेकच्या मध्यावर निघून हातात येतो. तंबूच्या तळाला हात लावा, चिकट लागला किंवा शिवणीवरची पट्टी सुटत असेल तर आतलं आवरण गेलं. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, रिकामी असली तरीही. ओळखीच्या ट्रेकरला देऊन टाका.

पाटी_कोरी

एवढं सगळं करण्यापेक्षा एकेका छंदाचं गाठोडं करून ठोक भावात एकाच माणसाला दिलं तर? अकरा आठवड्यांत नोकरी सांभाळून पन्नास जणांशी बोलणं जमणार आहे का?

तराजू

सायकल-ट्रेकिंगला आणि टाकीच्या किरकोळ सामानाला ठोक ठीक आहे. कॅमेऱ्याला आणि तबकड्यांना नाही. ठोक घेणारा सगळ्यात कमकुवत वस्तूवरून भाव ठरवतो, म्हणजे बुरशीच्या लेन्सपायी ७०-३०० चाही भाव पडतो. मधला मार्ग : पाच-सहा चांगल्या वस्तू एकेक विका, उरलेलं शेवटच्या पंधरवड्यात एका यादीने काढा.

आरटीओ_नाका

बाइक. इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या. गाडी देऊन पैसे घेतले म्हणजे सुटलो असं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत मालक तोच. तुम्ही म्युनिकला आणि नोटीस कोथरूडच्या रिकाम्या घरी, असं व्हायला नको.

हे या आठवड्यात करा : ई-चलन शिल्लक आहे का बघून भरा. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली नसेल तर मालकी बदलाचं काम अडतं, आधी ती बसवा. कर्ज फिटलं म्हणता, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन ते काढून घ्या. पीयूसी आणि विमा चालू हवा.

विकताना नमुना २९ दोन प्रतींत आणि नमुना ३०, दोघांच्या सह्या. सही आरसी काढताना केली होती तशीच हवी. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर नमुना २८ ची एनओसी, त्याला जास्त वेळ धरा. कोरे सही केलेले नमुने कोणालाही देऊ नका. अर्ज ऑनलाइन तुमच्या डोळ्यांसमोर भरला गेला पाहिजे, पावती तुमच्याकडे. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहा. नावावर होईपर्यंत जबाबदारी सुटत नाही, पण विकलेल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता गाडी कोणाच्या ताब्यात होती, ते त्या वेळेवरून दाखवता येतं.

जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरला देणार असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र बघा आणि नमुना २९सी ने ताबा दिल्याची नोंद करून घ्या. नुसतं "आम्ही करतो नावावर" पुरेसं नाही.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांत परत गाडी घेतली तर कामी येतं.

हिशेब_चोख

पैशांचं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणणारा चोर, मग तो सैन्यात बदली झाल्याचं ओळखपत्र दाखवो की आणखी काही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा, मगच वस्तू हलवा. फसलात तर लगेच १९३० ला फोन, पहिला तास महत्त्वाचा.

रोख घेत असाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त घेता येत नाहीत. घरगुती वापराच्या जुन्या वस्तू विकल्यावर कर लागतो का असं बरेच विचारतात. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती असे अपवाद सोडून. तरी पावत्या ठेवा.

इसार घेतल्याशिवाय वस्तू कोणासाठी अडवू नका. आणि उरलेले पैसे "तिकडे गेल्यावर पाठवतो" हे मान्य करू नका. तिकडे गेल्यावर तुमचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, त्या गडबडीत वसुली कोण करणार.

चक्रधर

जाहिरात कशी लिहावी याचा नमुना देतो, आकडे तुमचे टाका :

"हायब्रिड सायकल, फ्रेम एम, साधारण ५ फूट ५ ते ५ फूट ९ उंचीला. ३ × ८ गिअर. बिल आहे. चेन ०.७५ टक्के ताणलेली, बदलावी लागेल. मागचा टायर निम्मा झिजला. डाव्या पेडलच्या दांड्यावर ओरखडा, फोटो ४ बघा. ब्रेक पॅड नवे. सोबत पंप, कुलूप, पुढचा दिवा. कोथरूड, शनिवार-रविवार सकाळी ८ ते ११. किंमत अमुक, महिनाअखेरपर्यंत हीच."

दोष वरच्या निम्म्यात. येणारा ते वाचूनच आलेला असतो, दारात घासाघीस करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तबला नेते आहे. दोराचे तुकडे करते. वेळापत्रक असं ठरवलंय : बाइकची कामं आणि पेटी, तबकड्यांच्या जाहिराती या आठवड्यात. ट्रेकिंगचं सामान चौथ्यात. सायकल आठव्यात. दोन लेन्स नवव्यात. टाकी दहाव्यात, म्हणजे मासे शेवटपर्यंत डोळ्यासमोर राहतील.

जलमित्र

ताई, टाकी दहाव्यात नको. मासे सहाव्या आठवड्यात द्या. नव्या घरी एखादा मासा आजारी पडला, पाणी बिघडलं, तर घेणाऱ्याचा पहिला फोन तुम्हालाच येणार, आणि तुम्ही तेव्हा सामान बांधत असू नये. सातव्यात टाकी रिकामी करून वाळवा. घेणारा आला की सपाट जागी पुन्हा काठोकाठ भरून २४ तास ठेवा, सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. तो दुसऱ्या दिवशी कोरडा निघाला की त्याच्या समोरच उपसा. सिलिंडर आडवा ठेवून पाठवू नका, रेग्युलेटर काढून उभा बांधा, आणि त्यावर कोरलेली चाचणीची तारीख घेणाऱ्याला दाखवा.

रानजाई

ठीक आहे. मासे सहाव्यात, टाकी सातव्यात.

तबकडी

७८ च्या तबकड्यांची यादी इथेच टाका, लेबलवरच्या नंबरांसकट. जुनं नाट्यसंगीत असेल तर मी साताऱ्याहून येऊन सगळ्या एकदम नेईन. फळ्यांची दोन खोकी माझ्याकडे आहेत, ती घेऊन येईन, तोवर भिंतीला टेकवून उभ्याच ठेवा.